उपासातली कोंबडी

नवरा वगीह वारल्यापासून इरिनीला रडू आलं नव्हतं, आणि प्रार्थनाही सुचत नव्हती. चर्चची सेविका म्हणून गाव तिला तासोनी, म्हणजे ताई, म्हणे. दर रविवारी ती गरिबांच्या घरी जेवण पोचवायची. त्यांना गरीब म्हणायचं नाही, प्रभूची भावंडं म्हणायचं, आणि कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून पिशवी काळ्या शालीखाली धरायची, ही मिन्या प्रांताकडची रीत.

आता तिने गावच्या पाद्रीबाबांना, अबूना बखूमना, सांगून टाकलं होतं, "माझ्यात काही उरलं नाही. मी कुणाला काय वाढू?"

"एवढा रविवार जा," ते म्हणाले. "मग पिशवी माझ्याकडे आणून ठेव. पण बिशायकाकाला तूच सांग."

बिशायकाकाचे दोन्ही हात पक्षाघाताने गेले होते. जीभ तेवढी शाबूत होती.

"आलीस? मला वाटलं, आज माश्यांचीच सोबत."

ती शेजारी बसून घास भरवू लागली. बोटं आपोआप चालत होती, नजर खिडकीकडे होती. गजात खजुरीच्या ताज्या पातीचा विणलेला क्रूस खोचलेला होता. तो ती बराच वेळ बघत राहिली. मग तिचा हात थांबला.

"काका, आज झावळ्यांचा रविवार."

"हो. शेजारची पोरं सकाळीच खोचून गेली."

"म्हणजे मोठा उपास चालू आहे."

"चालू आहे."

"आणि मी तुम्हाला कोंबडी भरवतेय."

"बरी झालीय. मीठ कमी आहे."

या माणसाने जन्मात हा उपास मोडला नव्हता. इस्पितळात नर्सने रस्सा पुढे केला तेव्हा त्याने दातखीळ बसल्यासारखं तोंड मिटलं होतं.

"मला थांबवलं का नाही?"

"वगीह गेल्यापासून तू चर्चच्या मुदपाकातलं आणत होतीस. तुझी चूल थंड आहे, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक. आज ती पेटली. मी काय तोंड फिरवू?"

"पाप लागेल तुम्हाला."

"अबूना दंडवत घालायला सांगतील. घालतो म्हणावं, मला खाली तेवढं ठेवा आणि वर उचला."

इरिनीने रडू येतं का याची वाट पाहिली. आलं नाही. तिने त्याचे ओठ पुसले.

"पिशवी ठेवणार आहेस म्हणे," तो म्हणाला.

तिने भांड्यावर झाकण ठेवलं.

"उरलेली मांजरीला घाल. तिला उपास नाही. पुढच्या रविवारी पुनरुत्थानाचा सण, उपास सुटेल. मग पोटभर खाईन."

परतताना अबूनांचं दार उघडंच होतं. ते आत कुणाशी तरी बोलत होते. ती थांबली नाही. घरी येऊन तिने पिशवी धुतली आणि खुंटीला टांगली. तिच्या आत अजून काही हललं नव्हतं. मग तिने मिठाचा डबा उघडून पाहिला. तळाला थोडं होतं.