काकांचे बुणगे

"आधी बुणगे."

डाव सुरू झाला की काका एवढंच म्हणायचे. मग टेबलाच्या मागच्या कडेला उभी असलेली गाढवं, पखाली घेतलेले पाणके, डोक्यावर भांडी घेतलेल्या बाया, एकेकाला दोन बोटांत धरून पुढं सरकवायचे. झोपलेल्या लेकराची कूस बदलावी, तसं हळू. समोर बसलेले दातांचे डॉक्टर खुर्चीत मागं रेलायचे, छताकडं बघायचे आणि म्हणायचे, "होऊ द्या. मी तोवर चहा पितो."

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांना सांगते. मीही काकांकडं स्वयंपाकाला लागेपर्यंत पाहिला नव्हता. जेवणाच्या टेबलावर हिरवं कापड टाकायचं, थर्माकोलच्या टेकड्या मांडायच्या, निळ्या कागदाची नदी करायची. दोन्ही बाजूंना धातूची छोटी माणसं, घोडे, तोफा. एक शिपाई म्हणजे करंगळीच्या दीड पेराएवढा. पट्टीनं मोजून पुढं जायचं, फासे टाकायचे, आणि पडेल त्या दानाप्रमाणं माणूस उभा राहायचा नाहीतर आडवा व्हायचा. काकांची मराठ्यांची जुनी फौज, डॉक्टरांची निजामाची. दर रविवारी लढाई, आणि मधे माझे पोहे.

बुणगे म्हणजे फौजेच्या मागून चालणारी, न लढणारी माणसं. आपल्याकडं कुणाला बुणगा म्हटलं तर त्याला राग येतो. खेळाच्या पुस्तकातही त्यांना किंमत नव्हती. ते पडले तरी मोजायचे नाहीत, उभे राहिले तरी मोजायचे नाहीत. पण काकांनी आपल्यापुरता एक नियम केला होता. बुणगे जिथवर पोचले, त्याच्या फार पुढं फौज जाणार नाही. त्यामुळं त्यांचे घोडेस्वार गाढवाच्या चालीनं चालायचे, आणि काका दर रविवारी हरायचे.

ते मूळचे कन्नड तालुक्यातले, शेतकऱ्याच्या घरचे. वाळूजच्या एका कंपनीत साचे करण्यात त्यांचा जन्म गेला. रिटायर झाल्यावर उस्मानपुऱ्यातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहायचे. मी मुकुंदवाडीहून यायचे. पहिल्या दिवशी त्यांनी गाव विचारलं, मी पिशोर म्हणाले, आणि त्या दिवसापासून मी पिशोरकर झाले. "पिशोरकर, मीठ कमी हाय." "पिशोरकर, आज भाकरीच करा." मला कुणी कधी अशी आडनावानं हाक मारली नव्हती. सुरुवातीला मी मागं वळून बघायचे, कोण साहेब आलेत म्हणून.

माणसं ते स्वतः ओतायचे. गॅलरीत छोटी शेगडी होती. लोखंडी पळीत कथील वितळवायचं, रबराच्या साच्यात आतून बाळाची पावडर मारायची म्हणजे धातू सरसर उतरतो, साचा दोन फळ्यांत आवळायचा, आणि वरच्या भोकातून ओतायचं. मग थांबायचं. साचा उघडताना ते म्हणायचे, "बघू आला का पाव्हणा."

पाव्हणा कधी पुरता यायचा, कधी अर्धा. भाल्यासारख्या बारीक जागेत धातू पोचायच्या आधीच थिजतो. कुणाला हात नसायचा, कुणाला तलवार. असा माल परत वितळवतात, हे डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. काका वितळवायचे नाहीत.

"एकदा पायावर उभा राहिला ना, मग परत कढईत कशाला?" ते म्हणायचे. "काम बदलून देऊ."

नळाच्या कामाला लागते ती लांबी मळून ते त्या अर्ध्या माणसाला काहीतरी जोडून द्यायचे. तलवार नसलेल्याच्या हाती घोड्याचा लगाम. भाला नसलेल्याच्या खांद्यावर पखाल. असे त्यांचे बुणगे वाढत गेले आणि शिपाई तेवढेच राहिले.

एकदा त्यांनी एका शिपायाला लुगडं नेसवून बाई केली. टेबल पुसताना मी ती बघितली. पदर उजव्या खांद्यावर, आणि साचा शिपायाचा असल्यामुळं ओठांवर झुपकेदार मिशी. मी बोलणार नव्हते. पण हसू दाबताना हातातलं फडकं खाली पडलं आणि काकांनी चष्म्यावरून बघितलं.

"काय झालं?"

मी माझ्या डाव्या खांद्यावरचा पदर बोटानं दाखवला.

"हात तिच्या. समोरून बघून केला ना, उलटा पडला. अजून काय?"

मी बोट ओठाकडं नेलं. काका त्या बाईला डोळ्यांजवळ धरून बघत राहिले आणि मग ठसका लागेपर्यंत हसले. दातांच्या डॉक्टरांनी दिलेली एक जुनी बारीक सळई आणि लांबीची गोळी त्यांनी माझ्यापुढं सरकवली. "घ्या पिशोरकर. तुमच्या हातानं नेसवा हिला."

मी नेसवली. मिशी कानशीनं घासली. मग रंगाची वेळ आली तेव्हा मी उठून चालले होते, कारण शिपायांचे रंग ते पुस्तकं उघडून द्यायचे. कुणाचा अंगरखा कसला, कुणाच्या झुलीला काठ कसला, सगळं ठरलेलं.

"बसा. ह्यांचं कुठंच लिहिलेलं नाय," काका म्हणाले. "तुमच्या मनानं द्या."

मनानं द्या, असं मला तोवर कुणी म्हटलं नव्हतं. मी किती वेळ कुंचला धरून नुसती बसले. मग तिला पिशोरच्या बाजारात कांदे विकायला बसणाऱ्या एका म्हातारीचं जांभळं लुगडं दिलं. नंतर सवय झाली. स्वयंपाक आटोपला की खिडकीपाशी बसून मी रंग द्यायचे. औषधाच्या बाटलीच्या बुचावर माणूस चिकटवायचा, बूच डाव्या हातात फिरवायचं आणि श्वास धरून काठ ओढायचा. पाणक्याला विटका फेटा दिला. एका गाढवाचा कान माझ्याकडून पांढरा झाला, तो तसाच ठेवला. चुलीपुढं वाकलेली एक बाई होती, साच्यात तिचा एक हात कोपरापर्यंतच आला होता. तिला मी हिरवं लुगडं दिलं आणि हात पदराखाली घेतला, म्हणजे कळू नये. काका प्रत्येकाला बघून म्हणायचे, "व्हय, ही अशीच असंल." आम्ही तासन्‌तास समोरासमोर बसायचो. ते घोडे रंगवायचे, मी गाढवं. बोलणं फार नव्हतं, आणि मला बोलायचं कसं ते कळतही नाही.

एकदा मात्र त्यांनी आपणहून सांगितलं. घोड्याचा खूर रंगवत होते, वर बघितलं नाही. म्हणाले, बायको गेली त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. कुणीतरी म्हटलं, गॅसचा वास येतोय, बंद करा. आणि मला घरातला गॅस कुठून बंद होतो तेच माहीत नव्हतं. "सगळा जन्म मी पुढं चाललो. लई मोठा सेनापती." मग खुराला दुसरा हात दिला.

डॉक्टर मनानं फार चांगले. तोंडानं मात्र सोडायचे नाहीत. काकांच्या मागच्या रांगेला ते खोगीरभरती म्हणायचे. एका रविवारी काका पहिल्यांदाच जिंकत आले होते. निजामाच्या तोफा पडल्या होत्या, नदी ओलांडली होती, मीसुद्धा पोह्यांची ताटली हातात घेऊन दारात थांबले होते. तेवढ्यात डॉक्टरांनी आपले चार-पाच स्वार टेकडीमागून वळवून सरळ बुणग्यांवर घातले. मुद्दामच. काकांनी पुढचं सगळं घोडदळ उलटं फिरवलं.

"काय काका, एका गधे के वास्ते जिंकलेला डाव सोडता?"

"गाढवावर भांडी हायेत, डॉक्टर."

"अहो, पण त्यांना मोजतंय कोण?"

"सांजच्याला भूक लागली म्हंजी मोजतेत."

हरले. आणि पोहे दोनदा मागून खाल्ले.

मग काका न्हाणीत पडले. हाड मोडलं नाही, पण बंगळुरूची मुलगी आली, आता माझ्याकडंच राहायचं म्हणाली, आणि या वेळी तिनं ऐकलं नाही. मुलगी प्रेमळ, बापाची काळजी करणारी. तिचं घर लहान, लेकरं दोन. तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं, बाबा, तुमच्या ह्या माणसांचं एक खोकं चालेल, जास्त नाही. बाकीचं कुणाला तरी देऊन टाका.

देणार कुणाला, तर डॉक्टरांना. ते त्या संध्याकाळी आले, कपाटासमोर उभे राहिले. त्यांचे डोळे भरले होते, मी पाहिलं. मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, "स्वार, तोफा, हत्ती मी सांभाळतो. काळजी करू नका. मुलासारखे सांभाळतो. आणि हे बुणगे वितळवले ना काका, तर नवे दहा-बारा स्वार सहज निघतील. तुमच्याच साच्यातून काढतो."

मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. हात थांबले.

काका म्हणाले, "बघू."

पुढचे दिवस मी तो एकच शब्द घेऊन जायचे-यायचे. कपाटाचं दार उघडं दिसलं की आधी मागची रांग बघायचे. आहेत का अजून. शेगडी गॅलरीतच होती, पळीही होती. मागावेत, असं वाटायचं. सगळे नाही, एखादी तरी बाई. पण मागणार कोणत्या तोंडानं? धातू त्यांचा, साचा त्यांचा. रंग तेवढा मी दिलेला, आणि रंगाचीही डबी त्यांचीच. बसमध्ये मी वाक्य जुळवायचे, "काका, त्यांना कढईत नका घालू." जिना चढेपर्यंत ते वाक्य विरघळून जायचं.

निघायच्या आदल्या दिवशी सामान बांधणं चाललं होतं. मुलगी कपड्यांच्या बॅगेशी बसली होती. काकांनी बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा टेबलावर ठेवला होता, रिकामा. तेच ते एक खोकं. मी किती वेळ ओटा पुसत राहिले. मग बाहेर आले आणि तोंडातून भलतंच निघालं.

"काका, डब्याला खाली काय घालू? कापड का कापूस?"

काकांनी माझ्याकडं बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं.

"कापूस," ते म्हणाले. "स्वार कापडात गुंडाळले तरी चालतेत, डॉक्टरकडंच तर जायचेत. बुणग्यांना कापूस. त्यांचं लांबचं जाणं हाय."

मी मान खाली घालून कापूस पिंजत बसले. काका एकेकाला आणून देत होते आणि मी निजवत होते.

मुलगी उठून आली. तिनं डब्यात बघितलं, कपाटात बघितलं. वरच्या फळीवर हत्तीवरचा सेनापती होता. काकांनी तो दोन वर्षं रंगवला होता, अंबारीची नक्षी भिंगातून बघावी अशी. बघायला येणारा प्रत्येक माणूस आधी तोच हातात घ्यायचा.

"बाबा, अहो, निदान हा तरी घ्या. एवढा सुंदर केलाय. ही गाढवं काय नेताय?"

"त्याला कुणीबी सांभाळंल," काका म्हणाले.

मुलीनं माझ्या हातातला थोडा कापूस घेतला आणि माझ्याशेजारी खाली बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली. बॅगा मागं टाकल्या. ड्रायव्हर मागं ठेवायला मागत होता, तरी डबा काकांनी मांडीवरच घेतला. मला म्हणाले, "येतो, पिशोरकर." मी हात जोडले. एवढंच झालं.

बंगळुरूहून त्यांचा सणावाराला फोन यायचा. फोनवर बोलायची वेळ आली की मी नुसतं हं हं करते, आणि काकांना ते माहीत होतं. तेच जेवण काय केलं ते सांगायचे आणि ठेवायचे. गेल्या थंडीत काका गेले. त्यांच्या मुलीनंच कळवलं.

पुढं काही दिवसांनी तिचा पुन्हा फोन आला. म्हणाली, ताई, एक विचारायचं होतं, हसू नका. ते बुणगे बाबांनी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत मांडले होते, कडप्प्याच्या फळीवर. दर रविवारी सकाळी चहा झाला की सगळ्यांना बोटभर पुढं सरकवायचे. लेकरं हसायची. आजोबा, फौज कुठंय, तर म्हणायचे, येईल मागून. ते गेले तेव्हापासून मी सरकवतेय. पण फळी संपली, ताई. पहिलं गाढव अगदी टोकाला आलंय. मग म्हणाली, "आता ह्यांना पुढं कुठं न्यायचं?"

मी हं म्हणाले नाही.

"मुक्काम करू द्या त्यांना," मी म्हणाले. "चूलवाली मधे घ्या. हिरव्या लुगड्याची. गाढवं भिंतीकडं, तोंडं आत करून. पाणक्याला चुलीजवळ आणा. बाकीच्यांना तिच्याभोवती लावा, जवळजवळ, लांब लांब नको."

"थांबा हं," ती म्हणाली. तिनं फोन तसाच कडप्प्यावर ठेवला. मी मुकुंदवाडीत दारात उभी होते, आणि मला तिकडं एकेकाचा पाय फळीवर टेकल्याचा बारीक आवाज येत होता.