नळीचं दुसरं टोक

कोरीटमध्ये योगेंद्र पाटील तीन आहेत. एक दूध डेअरीवाला, एक निवडणूक आली की पांढरे कपडे घालणारा, आणि तिसरा हा, मगनबापूंचा, सिव्हिल इंजिनिअर झालेला. त्यामुळे नुसतं 'योगेंद्र पाटील' विचारत कोणी गावात आलं तर त्याला तीन घरं हिंडावी लागतात. 'मगनना योगेंद्र', म्हणजे मगनचा योगेंद्र, म्हटलं की शेंबडं पोरही बोट दाखवतं. आता मगनबापू नाहीत, पण बोट तिकडेच जातं.

इंजिनिअर झाला म्हणजे पूल बांधतो असं कोणी समजू नये. नंदुरबारला एका ठेकेदाराकडे तो साइट सांभाळतो, म्हणजे मिस्त्री चहाला गेला की त्याला शोधून आणतो. बरोबरीची पोरं पुण्याला गेली. त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी एक सुविचार येतो, वाढदिवसाला केकचं चित्र येतं, बाकी शुकशुकाट. हाही गेला असता. पण दिवाळी होते न होते तोच बापूंच्या छातीत कळ आली आणि खेळ आटोपला. आई एकटी पडू नये म्हणून तो गावात राहिला. निर्मलाबाई ओसरीवर आणि हा आतल्या खोलीत, असे दोघं एका घरात वेगवेगळे एकटे राहू लागले.

त्याला एक खूळ होतं. इथली काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि तिच्यावरचं घर तिच्याबरोबर वरखाली होतं. भिंतीला तडे जातात. गाव तड्यांत सिमेंट भरतं आणि देवाचं नाव घेतं. योगेंद्रला मात्र कोणत्या घराचा कोणता कोपरा किती उचलला हे मोजायचं होतं. महागडी यंत्रं कुठून आणणार? त्याने मिस्त्रीलोकांची पाण्याची नळी घेतली. लांब पारदर्शक नळी, आत पाणी. दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीला उभं राहतं, त्यावरून कोपऱ्यांची उंची ताडून बघता येते. फक्त तिला दोन माणसं लागतात.

पहिली दोन वर्षं दुसरं टोक बापूंनी धरलं. शोधनिबंध कशाशी खातात हे त्यांना ठाऊक नव्हतं. "घर काय बैल शे का रे, उठी-बसी ऱ्हायनं?" असं म्हणून ते हसायचे, आणि हसून झालं की लोकांच्या घरामागे, गोवऱ्यांच्या बाजूला उकिडवे बसून टोक भिंतीला लावायचे. पाणी हलायचं थांबलं की तिकडून आवाज द्यायचे, "ठरनं." मग इकडे योगेंद्र खूण करायचा. बापलेकांत दिवसभरात तेवढंच बोलणं व्हायचं आणि दोघांनाही ते पुरायचं.

बापू गेल्यावरच्या पावसाळ्यात त्याने एकट्याने मापं घेतली. एक टोक तारेने खिळ्याला बांधायचं, दुसरं लावायचं, मग घराला वळसा घालून पहिल्याकडे पळत जाऊन बघायचं. पोचेपर्यंत पाणी हललेलं असे. ठरलं म्हणून सांगायला पलीकडे कोणी नव्हतं. कधी कधी तो स्वतःच "ठरनं" म्हणायचा, आणि मग कोणी ऐकलं तर नाही ना म्हणून मागे बघायचा.

अशात अभियंत्यांच्या एका संघटनेने विद्यार्थी आणि पदवीधरांसाठी शोधनिबंध स्पर्धा जाहीर केली. शहाद्याकडच्या एका कॉलेजात निबंध मांडायचा, आणि पहिले तीन संघटनेच्या वार्षिक अंकात छापून येणार. योगेंद्रला ते छापून यायला हवं होतं. नाहीतर बापूंचं ते उकिडवं बसणं त्या गोवऱ्यांजवळच राहिलं असतं.

साइटवर उभ्या उभ्या त्याने मोबाइलवर अर्ज भरला. पहिल्या रकान्यात आडनाव, दुसऱ्यात नाव. तिसरा रकाना दिसताच बोटांनी आपोआप 'मगन' लिहिलं. पहिलीत नाव घातल्यापासून तिसरा रकाना बापाचाच. पण हा अर्ज कुठल्या लांबच्या माणसाने बनवलेला, त्याला बाप लागत नव्हता. तिसरा रकाना होता सहलेखकाचा.

स्पर्धकांची यादी आली: पाटील योगेंद्र आणि मगन. चूक त्याच्या लगेच लक्षात आली. तरी हसत हसत त्याने ती आईला वाचून दाखवली आणि तिथेच फसला. निर्मलाबाई उठून उभी राहिली.

"त्यासनं नाव बी उनं?"

"चुकीथीन उनं, माय."

"चुकीथीन कसं? नळी कोन धरे?"

संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं की बापलेकाचं नाव जोडीने छापून आलं. त्या दिवशी तिने किती महिन्यांनी डुबुक वड्या केल्या आणि स्वतःही पोटभर जेवली. आयोजकांना कळवू, उद्या कळवू, असं करत त्याने ते लांबवलं. आईच्या तोंडचा घास काढून घेण्यासारखं होतं ते.

स्पर्धेच्या दिवशी कॉलेजच्या दारातल्या टेबलावर हुमा बसली होती. नंदुरबारचीच, कॉलेजात त्याच्या मागच्या वर्गात होती. तिने गळ्यात अडकवायची दोन ओळखपत्रं पुढे केली. एकावर योगेंद्र, एकावर मगन.

"दुसरे लेखक कुठे आहेत, दादा?"

"येणार नाहीत."

ती अडखळली. "नियम आहे हो. सगळे लेखक हजर पाहिजेत. एक जरी नसला तरी निबंध बाहेर. मांडताच येत नाही."

योगेंद्रने अर्जातला घोटाळा सांगितला. मगन म्हणजे वडील, तिसरा रकाना, सवय. हुमाचा जीव भांड्यात पडला. "मग सोपंच आहे. सहलेखक नाहीत ना ते? काढून टाकते."

नाहीत ना ते? खरं उत्तर काय द्यायचं? एक ओळ लिहिली नाही त्यांनी. आणि त्यांच्यावाचून एक आकडा खरा नाही. मागे रांग खोळंबली होती. बाप ठेवला तर बापाचं काम बाहेर, आणि काम ठेवायचं तर बाप बाहेर. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच.

"काढू?" हुमाने विचारलं.

"काढा," तो म्हणाला.

तिने संगणकावर एक बटण दाबलं. तेवढ्यात कोणी आगंतुक पाहुणे आले, त्यांना ओळखपत्र नव्हतं. हुमाने मगनचं कार्ड पाकिटातून काढून टोपलीत टाकलं आणि पाकीट पाहुण्यांना दिलं. तिची त्यात काही चूक नव्हती.

निबंध चांगला मांडला त्याने. एका परीक्षकांनी तक्त्यावर बोट ठेवून विचारलं, "पहिल्या दोन वर्षांची मापं इतकी चोख, आणि तिसऱ्या वर्षी अशी डळमळीत कशी?"

"तिसऱ्या वर्षी मी एकटा होतो, सर."

"आधी कोण होतं?"

योगेंद्रला दारातला नियम आठवला. "गावातलंच एक माणूस," तो म्हणाला. परीक्षकांनी मान हलवली आणि काहीतरी टिपून घेतलं. जेवणाच्या वेळी तो कोपऱ्यातल्या टेबलावर एकटा बसला आणि ताटातली जिलेबी तशीच सोडून उठला. स्वतःच्या बापाला त्याने एका दिवसात दोनदा पुसलं होतं. त्याची त्याला भयंकर लाज वाटत होती.

तिसरा क्रमांक आला. निबंध छापून येणार होता. टाळ्या झाल्या, फोटो झाला, ग्रुपवर अंगठे आले.

घरी निर्मलाबाईने हात पदराला पुसून प्रमाणपत्र घेतलं. ते मराठीत छापलेलं होतं आणि चौथीपर्यंतचं वाचन तिला येत होतं. उजेडाला धरून ती एकेका अक्षरावर बोट ठेवत गेली. ओळ लवकर संपली तसं तिने कागद उलटून मागची कोरी बाजू बघितली. मग परत पहिल्यापासून वाचलं. अर्जातून सहलेखक काढला होता. नुसतं 'योगेंद्र पाटील' तेवढं उरलं होतं.

"हाऊ कोनता योगेंद्र पाटील?" तिने विचारलं.