स्प्रिंगांचा बैल

डूख धरू नये म्हणतात. मी धरला आणि तेवीस वर्षं पोसला.

सातवीत होते. उमरखेडला विज्ञान प्रदर्शन होतं. ज्या ग्रहावर गुरुत्वाकर्षण कमी, तिथली जनावरं कशी चालतील, हा विषय मीच शोधून काढला. तान्ह्या पोळ्याला मिरवायचा माझा लाकडी बैल घेतला, त्याची चाकं काढली आणि बाबांच्या गॅरेजातल्या चार स्प्रिंगा पायांना बसवल्या. म्हणणं साधं होतं. वजनामुळे पाय जमिनीला घट्ट टेकतो, म्हणून मागे रेटा देता येतो. वजन कमी झालं की पाय घसरणार. मग पळण्यापेक्षा उडी बरी.

परीक्षक सरांनी बैल उचलून सगळ्यांना दाखवला. "अवं पोरी, हलका झाला त सुसाट पयंन न बैल! उड्या कायले मारंन? गॅरेजवाल्याच्या पोरीनं बैलाचा बेडूक केला!"

सगळा हॉल हसला. ग्रीसचे हात मागे लपवून दाराशी उभे असलेले बाबाही कसनुसे हसले. दहावीपर्यंत मला सगळे बेडूक म्हणायचे, त्याचं काही नाही. बाबांचं ते हसू मी सरांना माफ केलं नाही.

आता त्याच गावात मी विज्ञान शिकवते. यंदा प्रदर्शनाला पाहुणे म्हणून त्या सरांनाच बोलावलं. बाबांना पहिल्या रांगेत बसवलं. निवृत्त सर काठी टेकत आले. स्टेजच्या वर आडव्या पाइपावर सरकणारी पुल्ली होती. तिच्यावरून गेलेल्या दोराच्या एका टोकाला कमरेचा पट्टा, दुसऱ्याला माणसाचं बरंचसं वजन पेलतील अशी वाळूची पोती. मी सरांना पट्टा बांधला, काठी काढून घेतली.

"सर, तुम्ही हलक्या ग्रहावर आहात. सुसाट पळून दाखवा."

त्यांचे पाय जागच्या जागी घसरू लागले. पोरं खदखदून हसली. माझ्या जिवाला गार वाटलं.

मग सरांनी दोन्ही पायांनी उडी मारली. लांब जाऊन टेकले. पुन्हा मारली. "मॅडम, पयताच नाही येत! उडीच मारा लागते!"

माझंच वाक्य. मी विचारलं, "सर, स्प्रिंगांचा बैल आठवतो?"

"कोणता बैल? अजून एक चक्कर मारू द्या न. कितीक वर्षांनी गुडघे दुखून नाही राह्यले."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांना पार दुसऱ्या टोकाला जाऊ दिलं आणि एकेक पोतं सोडवलं. सगळं वजन गुडघ्यांवर परत आलं, तसा त्यांचा चेहरा पिळवटला.

"मॅडम, काठी देता?"

मी काठीपाशी परत आले. "ही काय, इकडे आहे. आता वजन आलं, सर. या पळत."

या वेळी कोणी हसलं नाही. बाबा उठले, स्टेजवर चढले, काठी उचलून सरांच्या हातात दिली. मग सरांकडे बघून माझ्या वतीने हसले. तसंच, कसनुसं.