सुतळीच्या गाठी
नागलीच्या पोत्याची सुतळी सोडताना अजून मला जव्हारचा तो संस्थानी दवाखाना आठवतो. फिनेलचा उग्र वास, आणि जामसरहून चालून दमलेली माझी आय. तिचं पोट गरोदर बाईसारखं वाढलं होतं, पण आत मूल नव्हतं. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि माझ्या बापाला विचारलं, "हिला महिन्यातले किती दिवस रक्त जातं?" बाप खाली बघत म्हणाला, "असतील चारपाच." तशी आयने कमरेची सुतळी काढून टेबलावर आपटली. त्या महिन्यात रक्त गेलं त्या प्रत्येक दिवसाची तिने एक गाठ मारली होती. "पोट माझा हाय. त्याला काय इचारतोस? माला इचार!" डॉक्टरांनी गाठी मोजल्या, एकवीस भरल्या. मग त्यांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. "बाई, तुझ्या पोटातही गाठ आहे. काढायची तर नाशिकला जावं लागेल." बापाने तोंड उघडलं. "जायचा का नाय, मी सांगन," आय म्हणाली. आता मी म्हातारी झाले. परवा डॉक्टर माझं दुखणं माझ्या मुलाला विचारू लागले. मी मुलाला बाहेर बसवलं.