अर्डिसची न पुसलेली पत्रं

अर्डिस टोलेफसन आणि मी तळ्याला अर्धा वळसा घातला होता. मिनेसोटातल्या या गावात आम्ही शेजारणी. अकरा वर्षं दर मंगळवारी हा वळसा घालतो. बाकाजवळ ती थांबली.

"शालन, माझा ईमेल मेला. उघडला की मिटतो. तीन दिवस झाले."

"मेला नसेल. घरी जाऊन बघू."

"रविवारपर्यंत जगव गं. नाहीतर पाद्रीणबाई साखळी फोनवरच्या गटात नेणार."

साखळी म्हणजे त्यांच्या चर्चची, प्रार्थनेची. कुणाचं ऑपरेशन, कुणाचा मुलगा दारूत बुडालेला. असं कुणी कळवलं की अर्डिस ते बासष्ट घरांना पाठवते. एकोणीस वर्षं हेच काम. नवरा गेलेला, मुलगी अलास्कात. फोन जुना, घडीचा. त्यात कसला गट?

"मग मला कोण कशाला लिहील?" ती म्हणाली आणि चालायला लागली.

घरी तिनं कॉफी ठेवली. मी लायब्ररीत बारा वर्षं लोकांचे कॉम्प्युटर बघितलेत, म्हणून बसले. बंद करून चालू केला. बेचा पाढा म्हणेस्तोवर ईमेल मिटला. मागाहून जोडलेल्या जादा सोयी काढून पाहिल्या. जरा टिकला, नवीन पत्र येताच पुन्हा मिटला. शेवटी सगळी पत्रं जिच्यात साठतात ती फाईल केवढी आहे ते बघितलं. पोट फुटायला आलं होतं तिचं.

"अर्डिस, तू कधी काही पुसलंसच नाही?"

"नाही."

प्रत्येक पत्राखाली तिचीच ओळ होती: प्रार्थना झाली की हे पुसून टाका, कुठे उतरवून ठेवू नका.

"बासष्ट घरांना शिकवतेस, आणि स्वतः?"

"हस, हस. कुणीतरी रडत लिहिलेलं असतं. ते त्या कचऱ्याच्या डब्याच्या चित्रात टाकू? हात धजत नाही."

मला हसू आलं नाही. देवाला वाहिलेलं फूल मीही केरात टाकत नाही, कुंडीतल्या मातीत घालते.

"मग वेगळ्या डिस्कवर उतरवते आणि इथली काढते," मी म्हटलं.

"उतरवायचं नाही असा नियम आहे. मीच केलाय. अर्धा तर मोडून झालाय, उरलेला राहू दे."

"मग पुसावीच लागतील. निदान पाचशे. त्याशिवाय हा उघडा राहायचा नाही."

तिनं दोघींचे कप उचलून बाजूला ठेवले. नवीन पत्र येऊ नये म्हणून मी इंटरनेट तोडलं, सगळ्यात जुनी पत्रं एकगठ्ठा निवडली आणि पुसायच्या बटणाकडे बोट नेलं, तशी तिनं माझं मनगट धरलं.

"अशी एकदम नको," तिनं दुसरी खुर्ची ओढली. "रविवारपर्यंत रोज येशील का? तू एकेकाचं नाव मोठ्यानं वाच. मी त्याच्यासाठी पुन्हा एकदा प्रार्थना म्हणते. मग पूस."