रविवारच्या माद्या

हे मी बायकोलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. त्या बाटलीत अळ्या होत्या आणि मी त्या पाहिल्या होत्या.

वसईतल्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये मी असिस्टंट आहे. काम फळमाश्या पाळण्याचं. पिकल्या केळ्यावर घोंघावणारं चिलट, तेच. त्याच्या अंगात चोवीस तासांचं घड्याळ असतं. ते चालवणारं एक जनुक बदललं की झोपेची वेळ सरकते. नर मादीसमोर पंख थरथरवून जे गाणं म्हणतो, त्याचीही लय बदलते. अशा नरांना माद्या पसंत करतात का, हे स्वप्नाली तपासत होती. पीएचडीची मुलगी, निर्मळची. माश्यांच्या खाद्याला केळी घरच्या वाडीतली आणायची.

या कामाला व्हर्जिन लागतात. म्हणजे कोषातून निघाल्यावर आठ तासांच्या आत, नराशी गाठ पडायच्या आधी वेगळी केलेली मादी. एकदा जुळलेली मादी पुढचे काही दिवस दुसऱ्या नराला लाथा मारते. माश्या कोषातून निघतात पहाटे. रविवारची ड्यूटी माझी. पण रविवारी कळंबला मेहुण्याच्या कॉटेजवर पाहुणे असायचे, त्यांचं बघायला मी जायचो. मी दुपार टळल्यावर लॅबला यायचो, माद्या गोळा करायचो आणि लेबलवर लिहायचो: 'व्हर्जिन, सकाळी ८'.

त्या माद्या स्वप्नालीच्या, जनुक बदललेल्या नरांच्या वाट्याला यायच्या. तुलनेसाठीच्या साध्या नरांना सोमवारच्या, वेळेवर काढलेल्या मिळायच्या आणि त्यांचं जुळायचं. म्हणून कुणाला शंका आली नाही.

"काका, माझ्या नवरदेवांना एक पण पोरगी पसंत करत नाय ओ!" ती हसत म्हणायची. पुढे हसेनाशी झाली.

खऱ्या व्हर्जिनच्या बाटलीत अळ्या होत नाहीत. मला बुधवारी दिसल्या. मी माद्या नव्या बाटलीत टाकल्या आणि जुनी धुतली. असे पाच आठवडे. तिच्या गाईड सरांनी आधी नर नापास केले, मग तिचा हात. "तुला साधी माशी हाताळता येत नाही," सगळ्यांसमोर म्हणाले. मी तिथेच टेबल पुसत होतो. ती पीएचडी सोडून गेली.

यंदा सर माद्या या नरांना नाकारतात, हाच निष्कर्ष रिसर्च पेपरात छापायला निघाले. तिच्या नरांचा वंश मी जपून ठेवला होता. एका रविवारी दिवस उजाडताच लॅबला गेलो आणि खऱ्या व्हर्जिन काढल्या. चार दिवसांनी त्यांच्यासमोर ते नर सोडले. धडाधड लग्नं लागली.

केबिनमध्ये जाऊन सरांना सगळं सांगितलं.

"सावंत, आता कशाला उकरून काढताय? रिटायरमेंट जवळ आली तुमची."

"म्हणूनच, सर."

"लेखी द्याल? नोकरीवर येईल."

"लेखीच आणलंय. पोच द्या."

पोच मिळाली. मेमोही मिळाला. चौकशी लागली आहे. लागू दे. विचारतील त्याला हेच उत्तर देईन. पेपर थांबला, ते महत्त्वाचं. आता लॅबमध्ये नव्या पोरांना एकच सांगतो: लेबल वाचू नका, बाटलीत बघा. माझं लेबल असेल तर दोनदा बघा.

स्वप्नाली तुळिंजला क्लासमध्ये शिकवते. तिच्यासमोर उभं राहून हे मी अजून सांगितलेलं नाही. ते देणं बाकी आहे.