लाल कागदावरचे चार कंट्रोलर

चाकणच्या एका कारखान्यात नोकरीला असताना मी पान्यांसाठी एक फळी बनवली होती. प्रत्येक पान्याचा आकार काढून आत लाल रंग भरला. पाना जागेवर नसला की लाल दिसणार. कारखान्यात तिला शॅडो बोर्ड म्हणतात. तिला बक्षीस मिळालं आणि नोटीस बोर्डावरच्या फोटोत फळीशेजारी आमचे साहेब एकटेच उभे होते. पुढे मी नोकरी सोडली. आज तळवड्यात माझं स्वतःचं शॉप आहे, सात मशिनं आहेत. तो फोटो मात्र मी विसरलेलो नाही.

आमच्या फ्लॅटची तिसरी खोली खेळायची. मुलगी हिंजवडीला नोकरी करते. सुट्टीच्या दिवशी आम्ही बापलेक तिथे व्हिडिओ गेमवर गाड्यांच्या शर्यती लावतो. चार कंट्रोलर कुठेही पडलेले असायचे, एक तर चपलांच्या कपाटात सापडला. ती म्हणाली, ऑनलाइन स्टँड मागवू. मी म्हटलं, घरात मी असताना? भोसरीच्या पॅकिंगवाल्याकडे जाड काळा फोम बघितला. तो अख्खी शीट घ्या म्हणून अडून बसला. मी दोनदा दुकानातून बाहेर पडलो. दुसऱ्यांदा त्यानेच हाक मारली, आणि तेव्हा मी फोमच्या तुकड्यासोबत प्लायचाही एक तुकडा काढून घेतला.

प्लायवर लाल कागद, त्यावर फोम. फोमवर कंट्रोलर ठेवून पेन्सिल फिरवली आणि कटरने आकार कापले. कारखान्यात मोजमापाची गेजं बसवतात तसे घट्ट, हलवले तरी हलणार नाहीत असे. दोन रविवार गेले. भिंतीवर लावून मी बराच वेळ नुसता बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी चारही कंट्रोलरच्या बॅटऱ्या उतरलेल्या. फोम मागची बटणं सतत दाबून धरत होता.

"पप्पा, हा पाना नाहीये," मुलगी म्हणाली. "पान्याला बटणं नसतात."

माझं डोकं फिरलं. मग तूच कर, म्हणालो आणि दार आपटून बाहेर गेलो. चहा घेऊन परत आलो तर तिने माझ्याच कटरने एका आकाराचा वरचा सगळा फोम काढून टाकला होता. खाली कंट्रोलरच्या दोन मुठींपुरत्या खाचा तेवढ्या ठेवल्या होत्या. कंट्रोलर त्यांत बसला होता, बटणं मोकळी. मी बोर्ड धरून गदागदा हलवला. पडला नाही. इतकी वर्षं घट्ट बसवणं म्हणजेच कारागिरी असं मी धरून चाललो होतो. उरलेले तीन मी तिच्यासारखे कापले.

चाकणचे ते साहेब निवृत्त होऊन आता आमच्याच सोसायटीत राहायला आलेत. समोर आले की मी मान हलवतो, तेवढंच. मी सोसायटीच्या कमिटीत आहे, म्हणून परवा पार्किंगच्या अर्जावर सही घ्यायला घरी आले. खोलीचं दार उघडं होतं. आत जाऊन त्यांनी एक कंट्रोलर उचलला, खालचा लाल कागद बघितला आणि हसले.

"हा तर आपला बोर्ड."

आपला. माझी कानशिलं तापली. त्यांनी कंट्रोलर परत ठेवला, पुन्हा उचलला. "ही खाच मात्र भारी आहे. कुणाची कल्पना?"

मुलगी माझ्याकडे बघत होती. मी माझी म्हटलं असतं तरी ती गप्प राहिली असती. चाकणला त्या फोटोच्या वेळी मीही गप्पच राहिलो होतो.

"बोर्ड माझा," मी म्हणालो. "चाकणचाही माझाच होता. खाच हिची."

साहेबांनी अर्ज पुढे केला. अर्ज मी शेवटपर्यंत वाचला, मगच सही केली. जाताना त्यांनी फोन काढला, एक फोटो घेऊ का म्हणाले.

"घ्या. पण हिला बोर्डाशेजारी उभी करून घ्या."

तिने माझा दंड धरून मलाही ओढलं. फोटो साहेबांनी संध्याकाळी पाठवला. छान आलाय, दोघंही नीट दिसतोय. साहेब त्यात नाहीत.